अर्धं दाबलेलं बटण

हे मी कुठे ऐकलेलं नाही. कॅमेरा माझ्याच हातात होता. रामाची शपथ घेऊन सांगते.

आणि रात्रही नव्हती. गेल्या वर्षीची रामनवमी, लख्ख सकाळ, बदलापूरला कात्रपमध्ये माझ्या भावाच्या सोसायटीचा हॉल.

माझी भावजय शलाका पहिल्यांदाच रामजन्माचं कीर्तन करणार होती. मी कीर्तनवेडी. अंबरनाथहून लवकरच पोचले, तर भावाने, प्रज्वलने, नवाकोरा कॅमेरा माझ्याच गळ्यात अडकवला.

"सोप्पं आहे ताई. अर्धं बटण दाब. तो आपणच माणसाचा चेहरा शोधतो, त्याच्याभोवती हिरवी चौकट येते. पिप वाजलं की फोकस लागला. मग पूर्ण दाब."

"आणि नाही लागला तर?"

"चौकट बोटाने ओढून शलाकाच्या डोळ्यावर आण आणि अर्धं बटण धरून ठेव. सोडलंस की परत भलतीकडे बघणार तो."

"म्हणजे तुझ्यावरच गेलाय!" मी म्हटलं.

शलाका खुदकन हसली. गळ्यात हार घालून उभी राहिली. तिच्या मागे थोडी मोकळी जागा, मग भिंत. बस.

पूर्वरंग सुरू झाला. काय तो आवाज! मी अर्धं बटण दाबलं.

पिप.

चौकट आली... पण शलाकावर नाही. तिच्या खांद्यामागे.

फोटो पाहिला. शलाका पुसट. भिंतीवरचा खिळा मात्र स्वच्छ.

म्हटलं, माझाच हात वेंधळा. पुन्हा दाबलं.

पिप.

आता खिळाही पुसट. शलाकाही पुसट. म्हणजे फोकस दोघांच्या मधे लागला होता...

मधे कोणीच नव्हतं.

चौकट मात्र चेहऱ्याएवढी होती.

तिसऱ्यांदा दाबलं. या वेळी तिच्या मानेमागून डोकावणारा गजरा दिसला, कळी न् कळी स्पष्ट. तिचा चेहरा धूसर.

आणि त्याच क्षणी... शलाकाचा आवाज अर्ध्या शब्दात तुटला.

तिने गळ्याला हात लावला. लोकांना वाटलं, गहिवरली. त्यांनी गजर धरला.

ती माझ्याकडे बघत होती. डोळे विस्फारलेले.

पण नारदाच्या गादीवर उभं राहिलं की आरतीपर्यंत उतरायचं नाही. त्यात जन्म बाराला. त्याआधी कीर्तन मोडायचं कसं?

मी चौकट ओढली. तिच्या डोळ्यावर आणली. बटण अर्धं धरलं.

पिप.

तिचा आवाज परत आला!

सुटकेने माझं बोट जरा सैल पडलं... चौकट पुन्हा मानेमागे. आवाज पुन्हा गेला.

मग मला कळलं. घाईघाईने चौकट परत आणली, आणि बोट हलवलंच नाही.

हॉल खच्चून भरलेला. मी मधोमध, चारी बाजूंनी बायका. सांगणार कोणाला? बोट बधिर झालं. ओठांवर रामनाम. शेजारच्या काशीकाकू कुजबुजल्या, "अगं कीर्ती, गुलाल उधळ ना, जन्म झाला!"

मी मानही वळवली नाही.

पाळणा झाला. आरती झाली. शलाका गादीवरून उतरली, तेव्हा बोट उचललं.

"घसा सुकला गं मधेच," ती म्हणाली. तिला बरी बघून मला रडू आलं.

प्रज्वलने कॅमेरा घेतला. "ताई, सगळा वेळ तूच कॅमेऱ्यामागे. थांब, तुझा एक काढतो."

पिप.

तो वैतागला. "च्यायला... ताई, त्या काकांना जरा बाजूला व्हायला सांग ना. फोकस त्यांच्यावरच जातोय."

कोणत्या काकांना, असं विचारायला मी तोंड उघडलं...

आवाज फुटलाच नाही.

वर्ष होत आलं. एरवी बोलते, भांडतेसुद्धा. पण कीर्तनात गजर सुरू झाला की माझा गळा मिटतो. डॉक्टरांना काही सापडलं नाही. कीर्तन मी सोडलेलं नाही, ते सुटणारही नाही. मागे बसून नुसत्या टाळ्या वाजवते.

पाठ भिंतीला घट्ट लावून. मधे जागा राहू नये म्हणून.