राजाराणीच्या मधली जागा

नववीच्या वर्गावरून जाता जाता विद्या थबकली. आत इंग्रजीचा तास चालू होता आणि फळ्यावर चक्क त्रिकोण होता.

इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांची नववी गणिताच्या उपेंद्र सरांच्या गळ्यात पडली. कथेचे घटक शिकवायचे, म्हणून त्यांनी गुण्या लावून टेकडी काढली होती. डाव्या पायथ्याशी कथेची सुरुवात, टोकावर उत्कर्ष, उजवीकडे शेवट. दोन्ही उतार अगदी सारखे. मुली वहीआड हसत होत्या.

तास संपला तसे ते बोटांवरचा खडू झटकत बाहेर आले.

"विद्याबाई, तुम्हीही हसलात. मी पाहिलं."

"टेकडी इतकी सरळ नसते, सर. चढायला वेळ लागतो, उतरणं मात्र झटकन होतं."

"किती अंशात चढते, तेवढं सांगा."

"ते पात्रांवर आहे."

"सरी, बरं," ते गंभीरपणे म्हणाले. "मग स्वल्प, थोडं पात्रांचंच शिकवा मला."

मल्लेश्वरमच्या त्या शाळेत मराठी बोलणारी ही दोघंच. उपेंद्रांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं; बोलण्यात कानडी शब्द सहज येत. विद्या लग्न होऊन पुण्याहून आलेली. नवऱ्याला टेलिफोनच्या कारखान्यात नोकरी होती. विषमज्वरानं तो गेला तेव्हा अलका रांगत होती. बी.ए.च्या जोरावर विद्यानं ही नोकरी धरली. शिकवताना तिचा अर्धा जीव घरमालकीण चंद्राबाईंच्या ओसरीवर असायचा – अलका विहिरीकडे तर गेली नसेल?

मधल्या सुट्टीत कॉफी पिता पिता शिकवणी सुरू झाली. स्थळकाळ झाला, निवेदक झाला. मग संघर्ष आला.

"संघर्ष म्हणजे दोन माणसं भांडलीच पाहिजेत?"

"नाही. एकाच माणसाला दोन गोष्टी हव्याशा वाटल्या, तरी पुरतं."

"तुम्हाला कुठल्या दोन हव्यात?"

विद्यानं कप ठेवला. "घंटा झाली, सर."

घंटा झालेली नव्हती. दोघांनाही ते ठाऊक होतं.

दसऱ्यात त्यांनी तिला अलकासह घरी बोलावलं. त्यांच्या आई राजलक्ष्मी दरवर्षी पायऱ्या रचून बाहुल्या मांडत. सगळ्यांत वर रक्तचंदनाचे राजा आणि राणी. लग्नात माहेराहून आणलेली ही जोडी. नवरात्रभर ती शेजारी शेजारीच उभी राहते, वेगळी करत नाहीत. अलका डोळे मोठे करून बघत बसली.

बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. ओट्यावर उपेंद्र खांबाशी उभे राहिले.

"विद्याबाई, माझी टेकडी चढून झाली. पुढचं... तुमच्यावर आहे. लग्न कराल माझ्याशी?"

विद्या खिडकीतून आत पाहत होती. अलका कुठे दिसेना... हं, दिसली, पायऱ्यांपाशी.

"माझ्या गोष्टीत पात्रं दोन आहेत, सर. मुलगी आईच्या मागनं आलेली, असं कुणी एकदा जरी म्हणालं, तर मला सोसणार नाही."

"मी नाही म्हणणार."

"आणि अम्मा?"

खोटं बोलणं उपेंद्रांना जमत नसे. "अजून विचारलं नाही."

"मग मलाही विचारू नका," ती म्हणाली, आणि अलकाला घेऊन निघाली.

घरी अलकाचा फ्रॉक उतरवताना त्यातून राजा खाली पडला.

विद्यानं तो उचलला. एका विधवेची मुलगी राजाला उचलून घेऊन आली होती, आणि तिकडे राणी एकटी उभी होती. आता कुणाला काय विचारायचं राहिलं होतं?

"का ग घेतलास?"

"चिंगी एकटी निजते," अलका म्हणाली. चिंगी म्हणजे तिची चिंध्यांची बाहुली.

सकाळी उठल्या उठल्या विद्या निघाली. अलका कडेवर, चिंगी अलकाच्या काखेत. राजलक्ष्मी दारात रांगोळी काढत होत्या. विद्यानं राजा पुढे केला.

"अम्मा, लहान आहे ती. बोलायचं ते मला बोला."

"रात्रीच पाहिलं मी," राजलक्ष्मी हात झाडत उठल्या. "उपेंद्र म्हणतो, उंदरानं नेला असेल. एवढा मोठा मास्तर, पण थाप मारायला येत नाही. मग बसवला समोर आणि सगळंच, ओट्यावरचंसुद्धा, काढून घेतलं त्याच्याकडनं." त्या अलकाकडे वळल्या. "राजा का नेलास ग, पुट्टी?"

"चिंगी एकटी निजते."

राजा घेऊन राजलक्ष्मी आत गेल्या, मागोमाग अलकाला खाली उतरवून विद्याही. राजलक्ष्मींनी तो जागेवर ठेवला, राणीला थोडं सरकवलं आणि हात पुढे केला. "आण बघू तिला."

अलकानं आईकडे पाहिलं आणि चिंगी दिली. राजलक्ष्मींनी ती दोघांच्या मधोमध बसवली. तिचा एक डोळा उसवलेला होता.

"अम्मा, ती जोडी तुमच्या माहेरची..." विद्या पुढे झाली.

"माझ्या माहेरचीच. मग मधे कोण बसणार, ते मीच सांगणार. कॉफी टाकते, जाऊ नकोस."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. दाराआड इतका वेळ उभे असलेले उपेंद्र पुढे आले.

"विद्याबाई, आता विचारू?"

विद्यानं वर पाहिलं. चिंगी राजाच्या खांद्यावर कलंडली होती. अलका तिला सरळ करायला पायरीवर चढत होती आणि विद्यानं, पहिल्यांदाच, तिला 'पडशील' म्हटलं नाही.

"विचारा," ती म्हणाली. "पण बाई म्हणू नका आता."