पाण्याखालच्या घराची तक्रार

अपेक्षा आणि ऋतुराज यांची पहिली गाठ पडली ती तक्रारीतच. शुक्रवार पेठेतल्या आपल्या खोलीत बसून अपेक्षा एका ऑनलाइन चर्चामंचावर देखरेख करायची. उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या आठवणी तिथं लोक लिहीत. दुसऱ्याचं लिखाण उचलून, शब्द फिरवून आपल्या नावावर खपवणाऱ्यांना हुडकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शब्द बदलता येतात हो, पण सांगण्याचा क्रम आणि बारीकसारीक खुणा बदलायचं भान चोराला राहत नाही.

ऋतुराजची पोस्ट तिनं अशीच पकडली. दगडी चौकट, वर कोरलेले दोन मासे, त्यातल्या एकाचा डोळा फुटलेला, आत शिरताच डावीकडे पाच दिव्यांचा कोनाडा... पाच वर्षांपूर्वीच्या ‘सोजरबाई’च्या लेखात हेच होतं, याच क्रमानं. तिनं तक्रार नोंदवली. तासाभरात त्याचं उत्तर आलं.

“मॅडम, माणूस घरात दारातनंच शिरतंय की! आदी चौकट, मग कोनाडा. मी डोळ्यांनी बघितलंय.”

तिला हसू आलं, आणि मग अंगावर सर्रकन काटा. कारण सोजरबाई नावाची बाई नव्हतीच! मंच नवा होता, कुणी लिहीत नव्हतं, म्हणून अपेक्षानंच ते नाव घेऊन ते घर मनानं रचलं होतं. वाचून लोक रडले होते. ऋतुराजला चोर ठरवायचं, तर आधी स्वतःचं खोटं कबूल करायला हवं होतं.

पंधरा दिवस निरोपांची जुगलबंदी चालली. तक्रारीपुरतं म्हणता म्हणता गाडी ‘जेवलात का’पर्यंत आली. तो धरणाकाठी शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी बसवायचा. “भांडताय नुस्तं. एकदा येऊन बघा की,” त्यानं लिहिलं. “न्हाई दिसलं, तर मीच खातं बंद करतो.”

मे महिन्यातल्या एका रविवारी ती एसटीनं गेली. स्टँडवर मोटारसायकलला टेकून तो उभा होता—सावळा, उंच, मनगटाला ग्रीस.

“तक्रारवाल्या मॅडम?”

“आणि तुम्ही चोर!”

“चोरायचंच आसतं तर...” तिच्याकडं बघून तो थांबला. “जाऊ द्या. बसा.”

पाणी लांब सरकलं होतं. तडकलेल्या गाळात ती दगडी चौकट उभी होती, मागं पडक्या, अजून ओलसर भिंती. वारा पडलेला, पाखराचा आवाज नाही. वर दोन मासे. एकाचा डोळा फुटलेला. आत जाऊन अपेक्षानं कोनाड्यात हात घातला, तर बोटांना पाच खळगे लागले.

“ऋतुराज... सोजरबाई मीच. मी इथं कधीच आले नव्हते. हे घर मी मनानं रचलंय. खोटी मी आहे, तुम्ही नाही.” आता हा माणूस पाठ फिरवणार, असं तिला वाटलं.

त्यानं आत येऊन कोनाड्यातल्या खळग्यांवरून बोट फिरवलं. “घर खरं, लिवणारी खोटी,” तो म्हणाला. “मी बाजू कुणाची घ्यायची?”

“माझी घ्या ना...”

“ती कवाच घेतलीया.” तो हसला. “आजून काय रचलं व्हतं?”

“शेवटचं एक वाक्य. जी दोघं हातात हात घालून या उंबऱ्याबाहेर पडली, ती पुन्हा कधी वेगळी झाली नाहीत. टाकायच्या आधीच खोडलं मी. कुणी वाचलेलंच नाही.”

ऋतुराजच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. त्यानं फोन पुढं धरला. काल लिहिलेलं, अजून कुठंच न टाकलेलं—‘जोडीनं हे दार वलांडलेल्यांची ताटातूट न्हाई.’

शब्द त्याचे होते. वाक्य तिचं होतं.

“हे तुला कुठून सुचलं?” ती पहिल्यांदाच त्याला ‘तू’ म्हणाली.

“तुज्यासाटी लिवत व्हतो... कुटनं आलं, देव जाणे.”

मागं, ओल्या भिंतींपलीकडं, कुणीतरी हलकेच श्वास सोडला. दोघांनीही ऐकलं. वळून मात्र कुणीच पाहिलं नाही.

“ह्याची बी तक्रार करनार?” त्यानं हात पुढं केला.

“नाही करणार,” अपेक्षा म्हणाली, आणि त्याचा हात घट्ट धरून तिनं उंबरा ओलांडला.