पंचेचाळीस किलो

चिंचवड स्टेशनावर उतरून गावठाणाकडे निघालं की डाव्या हाताला डॉक्टर हरिहर गद्र्यांचं बैठं घर लागायचं. घर साधंच, पण त्याच्या कुशीला पत्र्याचं मोठं गॅरेज होतं आणि गॅरेजात काळी फोर्ड. चार दारांची, फुगीर मडगार्डांची, सदतीस सालची. देहूरोडच्या छावणीतला एक इंग्रज अधिकारी मायदेशी निघाला तेव्हा डॉक्टरांनी ती त्याच्याकडून घेतली, आणि पुढची तेवीस वर्षं ती गाडी चऱ्होलीपासून चाकणपर्यंतच्या कच्च्या रस्त्यांवर अडलेल्या बायका वाहत राहिली.

गाडी घरची होती, पण घरच्यांची कधीच नव्हती. डॉक्टरांचा एकुलता एक मुलगा नंदकिशोर लहान असताना सिंहगडाचा बेत ठरला, डबे भरले, की नेमकी दारात एखादी बैलगाडी येऊन थांबायची. डॉक्टर चपला बदलून निघायचे आणि डबे घरातच उघडले जायचे. कधीमधी नंदकिशोरला पुढच्या सीटवर बसायला मिळायचं, तेव्हाही वडील गाडी अशी हाकायचे की सायकलवाले मागे वळून हसत पुढे जात.

"बाबा, आता तर गाडी रिकामी आहे. जोरात न्या ना!"

"मागे त्रास होतो," डॉक्टर म्हणायचे.

मागे कुणी नसायचं.

एकोणसत्तर साली डॉक्टर गेले. गाडीवर ताडपत्री पडली. नंदकिशोर तोवर पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमचा सुपरवायझर झाला होता. मोजल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा, खिशात पट्टी आणि वही बाळगणारा माणूस. त्र्याहत्तरच्या दिवाळीआधी कंपनीत आलेला एक अमेरिकन तंत्रज्ञ परत गेला आणि मासिकांचा गठ्ठा टूलरूममध्ये सोडून गेला. त्यातल्या एका पानावर नंदकिशोरला आपली गाडी दिसली. तीच फोर्ड, पण मडगार्डं उतरवलेली, छत चार इंच कापून खाली बसवलेलं, बॉनेटच्या बाजू काढून आठ सिलिंडरांचं इंजिन उघडं टाकलेलं, मागची चाकं रुंद आणि पुढची बारीक. खाली लिहिलं होतं, हॉट रॉड. म्हणजे घरातली म्हातारी मोटार घ्यायची, तिच्या अंगावरचं जड ते सगळं उतरवायचं आणि तिला वाऱ्यासारखी पळवायची.

जेवताना त्याने ते पान बायकोपुढे धरलं. चित्रा शाळेत शिकवायची. तिने चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, "सासऱ्यांच्या गाडीचं असं करायचं?"

"तेवीस वर्षं ती रांगली. एकदा तरी पळू दे तिला."

नंदकिशोरची आई पद्माताई ताटावरून मान न उचलता म्हणाल्या, "कर. नुसती कुजण्यापेक्षा बरं." मग जरा थांबून, "पण सांभाळून काप हो."

वेल्डिंगला माणूस हवा होता. कंपनीतला दादू तळवड्याचा, शेतकऱ्याच्या घरातला, पण पत्रा त्याच्या हातात कणकेसारखा वळायचा. नंदकिशोरने विचारलं तर दादू हातातली वेल्डिंगची टॉर्च खाली ठेवून म्हणाला, "साहेब, त्या गाडीच्या मागल्या शिटावर जलमलो मी. देहूफाट्याच्या अलीकडं. तुमी बोलवायचीच वाट बघत व्हतो म्हना."

मजुरीचा विषय त्याने काढू दिला नाही. दर रविवारी सकाळी तो सायकलवरून यायचा, आणि त्याच्यामागून हळूहळू इतरही येऊ लागले. डॉक्टरांची गाडी उघडली म्हणताच चऱ्होलीच्या सयाजीने जीपची दोन रुंद चाकं आणून टाकली. कुणी भुईमुगाच्या शेंगा आणल्या, कुणी नुसताच येऊन बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. "डॉक्टर होते म्हून आमची म्हातारी राहिली," एवढंच बोलून निघून गेला. नंदकिशोर ओशाळायचा. वडिलांनी आपल्या वाट्याचे रविवार कुठे दिले ते त्याला आता लोकांच्या तोंडून कळत होतं.

काम जोरात चाललं. मडगार्डं, फूटबोर्ड, बंपर, डिकीचं झाकण, सायलेन्सर सगळं उतरलं. खांब करवतीने कापून छत चार इंच खाली बसवलं. दादूने असे जोड मारले की बोट फिरवून कळू नये. मागची सीट काढायची वेळ आली तेव्हा मात्र तो मागे सरला.

"ती राहू द्या, साहेब."

"चांगलं चाळीस किलोंचं धूड आहे ते. वजनासाठीच तर सगळं चाललंय."

शेवटी नंदकिशोरने एकट्यानेच बोल्ट सोडले. दादूने एवढंच केलं, की मागच्या दारावर हाताने धरण्यासाठी टांगलेला विणलेला पट्टा काढला नाही. नंदकिशोरनेही वाद घातला नाही. पट्ट्याचं वजन ते काय!

काढलेली प्रत्येक वस्तू त्याने मोजून वहीत लिहिली होती. कामाला हात घालण्याआधी सोपानरावांच्या ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर ओढत नेली, तेव्हा गाडी भरली होती बाराशे दहा किलो. उतरवलेलं वजा करून, नवी चाकं मिळवून, एक हजार वीस भरायला हवी होती. फेब्रुवारीत पहिल्यांदा इंजिन सुरू झालं, तेव्हा तो तिला घेऊन हायवेवरच्या त्याच काट्यावर गेला. आपण उतरला, दादूला उतरवलं.

काटा एक हजार पासष्टवर थांबला.

सोपानरावांनी खिडकीतून डोकं काढलं. "साहेब, मागच्यांना उतरायला सांगा की."

"मागे कुणी नाही."

सोपानराव बाहेर आले. कापलेल्या छतामुळे खिडकी अगदी अरुंद झाली होती. वाकून, डोळ्यांवर हात धरून त्यांनी आत पाहिलं. मग एक भरलेला ट्रक काट्यावर घेऊन त्याच्या पावतीशी ताडून पाहिला. काटा बिनचूक होता. गाडी पुन्हा चढवली. एक हजार पासष्ट.

"यंत्र हाय. कधी कधी व्हतं," असं म्हणून सोपानराव चहा न पिताच आत गेले.

नंदकिशोरने सगळी बेरीज पुन्हा केली. पेट्रोल, पाणी, ऑइल धरलं. तीन वेगवेगळ्या रविवारी, एकदा टाकी रिकामी करूनसुद्धा, त्याने वजन केलं. फरक तेवढाच राहिला. पंचेचाळीस किलो. वहीत त्याने त्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि दोनदा गिरवलं.

भोसरीच्या नव्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा रस्ते झाले होते, पण कारखाने तुरळक होते. तिथे त्याने गाडी पळवली. आठ सिलिंडरांचा आवाज उघड्या माळावर असा घुमला की लांबच्या शेतातली माणसं उभी राहिली. साठ मैलांचा वेग, सत्तर. नंदकिशोर लहान पोरासारखा ओरडला. आणि आरशात त्याला तो पट्टा दिसला.

गाडी उडत होती, पण पट्टा हलत नव्हता. खाली ताणलेला होता, ताठ, जसा कुणी मुठीत धरल्यावर होतो.

त्याने वेग कमी केला. वीस मैलांवर पट्टा सैल झाला आणि झोके घेऊ लागला.

पुढच्या रविवारी दादूने आपल्या आईला आणलं. पुतळाबाई वयाने थकलेली, पण चालणं ताठ. हातात नारळ, हळदीकुंकू. गाडीचं नवं रूप बघून ती हसली. बॉनेटला कुंकू लावलं. मग मागचं दार उघडलं आणि तिचं हसू मावळलं.

"शीट काढलं?"

"हो, मावशी. वजन कमी करायचं होतं."

"मंग ती बसंल कुठं?"

दादू जमिनीकडे बघत होता.

"कोण, मावशी?"

"मला काय ठावं, लेकरा. ह्याच्या येळंला डॉक्टर पुढं गाडी हाकत व्हते. मागं मी एकली. पर मला धरलं व्हतं एका बाईनं, कंबरेत. त्वांड न्हाई दिसलं. हात तेवढं आठवत्यात." पुतळाबाईने उरलेलं कुंकू मागच्या उघड्या पत्र्यावर वाहिलं, तिथे वाकून नमस्कार केला. "लई उपकार हायेत तिचं. तुज्या बापाला इचारलं व्हतं मी. ते म्हनले, मी बी कदी मागं वळून बघितलं न्हाई."

नंदकिशोरने सीट परत बसवायची ठरवली. ती त्या न दिसणाऱ्या बाईसाठी की पुतळाबाईच्या समाधानासाठी, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. सीटचं कापड फाटलं होतं, म्हणून ती पिंपरीला शिवायला दिली. कारागीर म्हणाला, पंधरा दिवस.

तेवढा वेळ मिळाला नाही.

चित्राला बाळंतपणासाठी जूनची तारीख दिली होती. मे महिन्याचा दुसरा रविवार, दुपारचे दोन. पद्माताई बहिणीकडे, इंदुताईंकडे, तळेगावला गेलेल्या. शेजारच्या दाराला कुलूप. नंदकिशोर आणि दादू गॅरेजात कार्बोरेटर जुळवत होते. चित्रा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. साडी भिजलेली.

"अहो," ती म्हणाली. "निघायला हवं."

टॅक्सी शोधायला वेळ नव्हता. मागच्या उघड्या पत्र्यावर दोघांनी गादी टाकली, चित्राला आडवं केलं. कापलेल्या छताखाली तिच्याजवळ आणखी कुणाला शिरायला जागाच उरली नाही. दादू पुढे बसला. गाडी हायवेला लागली.

पिंपरी मागे पडली. नंदकिशोर आयुष्यात कधी चालवली नव्हती तशी गाडी चालवत होता. एवढ्या वेगात ही हलकी गाडी मागून उडायची, हे त्याला माहीत होतं. आज ती रस्त्याला चिकटून धावत होती.

कासारवाडी. चित्राचं कण्हणं वाढलं.

"आलोच, चित्रा. श्वास घे."

"हो," चित्रा म्हणाली. मग, "हो, सोडते. आता सोडते."

ती त्याला उत्तर देत नव्हती.

"चित्रा?"

"किती ऊन हात आहेत तुमचे," चित्रा म्हणाली. मोठ्या माणसाशी बोलावं तशा आवाजात.

नंदकिशोरची मान वळू लागली. दादूने त्याचा दंड पकडला. त्याचे डोळे भरले होते.

"मागं बघू नका, साहेब. चालवा."

आरसा वाकडा झाला होता. त्यात फक्त पट्टा दिसत होता. ताठ.

दापोडीचा पूल आला. पुलाच्या मधोमध चित्रा एकदा मोठ्याने ओरडली.

मग काहीच ऐकू आलं नाही. इंजिनसुद्धा, असं त्याला वाटलं.

आणि मग बाळ रडलं.

त्याचा पाय आपोआप ब्रेककडे गेला.

"थांबू नका म्हणतायत," मागून चित्राचा थकलेला, शांत आवाज आला. "आता सावकाश चला म्हणतायत. पण थांबू नका."

त्याने गाडी सावकाश नेली. पुण्यापर्यंत. सायकलवाले पुढे जात होते.

इस्पितळाच्या दारात दोन नर्स आणि स्ट्रेचर आलं. चित्राचा चेहरा घामाने निथळत होता, पण तिने नवऱ्याचा हात धरला आणि हसली. "मुलगी. गळ्याला नाळेचा वेढा होता. त्यांनी बोटांनी सोडवला. मला काही दिसलं नाही, नुसतं कळलं." मग तिला आत नेलं. थोड्या वेळाने दादूने आतून विचारून आणलं, दोघी सुखरूप आहेत. सांगताना तो पायरीवर बसला आणि खांद्यावरच्या टॉवेलात तोंड घालून रडला.

त्या विचित्र, चपट्या गाडीभोवती माणसं जमली होती. नंदकिशोर त्यांच्यातून वाट काढत मागच्या दारापाशी गेला. गादी, ओलसर चादर आणि पत्र्यावर पुसट कुंकू. दुसरं काही नव्हतं. एवढ्या लोकांसमोर त्याने हात जोडले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. वडिलांना जे कधी म्हटलं नव्हतं, तेही त्यातच म्हणून टाकलं. भीती वाटायला हवी होती, असं त्याला एकदा वाटलं. वाटत होतं ते फक्त एवढंच, की आपल्या घरावर कुणाचे तरी फार जुने उपकार आहेत आणि आपण त्या उपकाराला बसायची जागासुद्धा ठेवली नव्हती. उद्याच्या उद्या जाऊन सीट आणायची, शिवलेली असो वा नसो.

तेवढ्यात एक वयस्कर नर्स बाहेर आली. हातात पत्र्याचं तबक.

"मुलीचे वडील ना तुम्ही? बरोबर सुईण कोण होती? नाळ दोन ठिकाणी बांधलीय, आमच्याकडच्या नव्या पोरींना येत नाही अशी गाठ. आमचा दोरा बांधून ती मी आत्ताच कापून सोडवली."

तबकात लुगड्याच्या किनारीच्या दोन चिंध्या होत्या. हिरव्या, विटलेल्या. चित्राची साडी पांढरी होती.

"आणि उकळून घेतल्यात, हे फार बरं केलंत," नर्स म्हणाली. "नाहीतर लोक मिळेल ती चिंधी बांधून आणतात."

नंदकिशोरने तबकात पाहिलं. पुलावरून इथवर यायला पाऊण तास लागला होता, आणि चिंध्यांभोवती पत्र्यावर अजून वाफ धरलेली होती.