निळ्या पाण्यातला थेंब

रक्तपेढीतल्या मावशीला भुताखेतांच्या गोष्टींचं वावडं होतं. बावीस वर्षं लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढणाऱ्या बाईला रक्ताचं कसलं आलंय भय? तिच्या लेखी रक्त म्हणजे एक भरलेली पिशवी, तिच्यावर चिकटवलेला गट आणि चार अंशांवरचं थंडगार कपाट. म्हणून भाचीच्या उशाखाली ती जाडजूड कादंबरी सापडली तेव्हा मावशी घाबरली नाही, हसली.

भाची म्हणजे बहिणीची एकुलती एक पोर, कॉलेजसाठी मावशीकडे राहायला आलेली. ‘तुझ्या जिवावर सोडतेय गं,’ असं बहीण निघताना म्हणाली होती. मावशीने त्याची मनाशी पक्की गाठ मारून ठेवली होती.

कादंबरी एका व्हॅम्पायरच्या प्रेमाची. कॉलेजातल्या सगळ्या पोरी तिच्यापायी वेड्या झालेल्या. भाचीने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून प्रत मिळवली होती. मावशी ती कामावर घेऊन गेली आणि दुपारच्या सुट्टीत लाल पेन्सिल घेऊन बसली.

“दोनशे वर्षांचा घोडा, आणि अजून कॉलेजात?” ती मामांना म्हणाली. मामा म्हणजे तिथले जुने शिपाई. “नापास तरी किती व्हावं माणसानं.”

पुढे नायकाने नायिकेच्या गळ्याला तोंड लावून पोटभर रक्त प्यायलं, आणि बाईसाहेब लगेच गच्चीवर नाचायला गेल्या. मावशीने समासात लिहिलं, ‘आमच्याकडे एका पिशवीनंतर बिस्किटं देऊन दहा मिनिटं झोपवतात.’

संध्याकाळी भाचीने ते वाचलं. “तू वाचत नाहीस गं मावशी, तपासतेस.”

“मग? अंगठा लावून मान्य करू का सगळं?”

दोघीही हसल्या. पण पोरगी पांढरी पडत चालली होती, हे मावशीच्या नजरेतून सुटलं नाही. तिने तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लालीचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी ती तिला हाताला धरून रक्तपेढीत घेऊन गेली. तिथे प्रत्येक रक्तदात्याची पहिली परीक्षा मोरचुदाच्या निळ्या पाण्यात होते. बोटाला टोचायचं आणि थेंब पाण्यात सोडायचा. बुडाला तर रक्त कसदार, तरंगला तर घरी जा. भाचीचा थेंब तरंगला.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या. रोग म्हणून काही सापडेना. मावशीने भाचीचं खाणं, झोप, वाचन, सगळं रोज टिपून ठेवायला सुरुवात केली. परीक्षेच्या आठवड्यात भाचीने कादंबरीला हात लावला नाही, तर थेंब सरळ तळाला गेला. परीक्षा संपली, पुस्तक उघडलं, आणि थेंब पुन्हा वर. योगायोग असेल, मावशी स्वतःशीच म्हणाली. पण तेवढ्यावर सोडून देणाऱ्यातली ती नव्हती.

तिने स्वतःवरच प्रयोग केला. आधी आपला थेंब पाहिला, बुडाला. मग पेन्सिल हातात घेऊन तीस पानं तपासली. थेंब बुडाला. मग पेन्सिल बाजूला ठेवली आणि तीच तीस पानं मन लावून वाचली. दुपारची वेळ, खिडकीत लख्ख ऊन, तरी बोटं गार पडत गेली. कुठूनसा बंद पेटीतल्या लोखंडासारखा वास आला.

या वेळी थेंब तरंगला.

त्या संध्याकाळी मावशीने पुस्तक कपाटात कुलूपबंद केलं. रात्रीच्या जेवणाला भाचीने ताटाला हात लावला नाही. “तीनच प्रकरणं राहिलीत गं... मैत्रिणीची प्रत आणीन मी.”

मावशीला कळलं, हिला पुस्तकाची नाही, शेवटाची ओढ आहे. मग हिच्याऐवजी आपणच वाचावं. “ऐक. शेवट मी वाचते आणि तुला सगळा सांगते. पण तू पानाला हात लावायचा नाही.”

“तपासून सांगणार?”

“नाही गं. मनापासून वाचून.”

दुसऱ्या दिवशी ती रक्तदात्यांच्या खाटेवर आडवी झाली आणि पायाखाली उशी घेतली. “मामा, माझे ओठ पांढरे पडले की हाक मारा. पुस्तक मात्र ओढू नका.” मामा स्टुलावर बसले. दोन प्रकरणं गेली. तिसऱ्यात अक्षरं पोहायला लागली, कानात कुणीतरी हळूहळू गिळत असल्याचा आवाज येऊ लागला. मामांनी दोनदा हाक मारली. मावशीने दातावर दात दाबून शेवटची ओळ गाठली, आणि मगच डोळे मिटले.

दुपारीच मामांनी पुस्तक इस्पितळाच्या भट्टीत टाकलं. ते जळून राख होईपर्यंत मावशी भिंतीला धरून तिथे उभी होती.

घरी तिने भाचीला शेवट सांगितला, अगदी रंगवून. भाची डोळे मोठे करून ऐकत होती. त्या रात्री ती पोटभर जेवली, आणि मावशीच्या जिवात जीव आला.

महिनाभराने एका सकाळी भाची रक्तपेढीत आली. गालांवर कधी नव्हती अशी लाली. मावशीने कौतुकाने तिच्या बोटाला टोचलं. थेंब दगडासारखा बुडाला.

“मावशी, एक गंमत दाखवू?” तिने पिशवीतून जाड वही काढून टेबलावर ठेवली. “तू सांगितलास ना शेवट, तिथून पुढे मी लिहिलंय. सहाजणी वाचायला मागतायत. म्हटलं, आधी तुला द्यावी.”

मावशीने वहीकडे पाहिलं. मग बरणीत नवं निळं पाणी घेतलं, आपल्या बोटाला टोचलं आणि थेंब सोडला. थेंब बुडाला नाही, तरंगलाही नाही. मधोमध थांबला, आणि हळूहळू काचेकडे सरकला... वही होती त्या बाजूला. मावशीने वही उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. थेंब थांबला. मग वळला.

“काय झालं गं?” भाची म्हणाली.

“काही नाही. दे इकडे. मी हो म्हणेपर्यंत ही वही सहाजणींतल्या एकीलाही मिळणार नाही.” मावशीचा आवाज शांत होता. “मामा, खाट ओढा.”

या वेळी तिने लाल पेन्सिल मुठीत घट्ट धरली होती. मनापासून नाही, तपासूनच वाचायचं. एक चूक सापडली की पुरे, मग मन गुंतणार नाही. तिने पहिलं पान उघडलं.

नायिकेने एकच पिशवी रक्त दिलं होतं. मग बिस्किटं खाल्ली होती, आणि पायाखाली उशी घेऊन दहा मिनिटं झोपली होती.

पेन्सिल कुठे टेकवावी ते मावशीला कळेना.