मी मागेन तेव्हाच द्यायचा

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याची छत्री त्याच्या डोक्यावर नव्हतीच. कारखान्याच्या फाटकाशी एक लाकडी खोकं, खोक्यावर छत्री, आणि छत्री धरणारा मात्र श्रावणातल्या सरीत नखशिखांत चिंब! मी थांबले. थांबायचं काही कारण नव्हतं... पण थांबले.

"अहो, तुम्ही भिजताय," मी म्हटलं.

"मी भिजलो तर वाळतो," तो म्हणाला. "हा भिजला तर संपला."

"हा कोण?"

"टेंपरेचर कंट्रोलर. मुंबईपासून मांडीवर घेऊन आलोय. दयारामशेठचा औषधांचा कारखाना हाच ना?"

हाच. आणि तिथल्या वाळवणखात्यात मी कामाला. उन्हाळ्यात आमच्या औषधी गोळ्या गच्चीवर वाळायच्या आणि पावसाळ्यात विजेच्या भट्टीत. भट्टी म्हणजे पुरुषभर उंचीचं लोखंडी कपाट. आत गोळ्यांच्या ताटल्या, खाली तापणाऱ्या कॉइली. गेल्या आषाढात ती एवढी तापली की गोळ्यांचे कोळसे झाले आणि शेठनी बोलणी मला खायला लावली. म्हणून हे यंत्र आलं होतं. उष्णता वाढली की ते आपणच वीज तोडणार, उतरली की आपणच जोडणार.

"म्हणजे माझ्यावर लक्ष ठेवायला आलाय हा," मी खोक्याकडे बघून म्हटलं.

"हा भट्टीवर लक्ष ठेवतो. तुमच्यावर—" तो अडखळला. मग घाईघाईने खोकं उचललं, छत्री माझ्या हातात कोंबली आणि आत पळाला. काळी छत्री, मधोमध पांढरं थिगळ. कुणाची कुणाला आणि कशासाठी दिली, मला काही उमगेना.

त्याचं नाव कमळाकर. शेठनी त्याची ओळख करून देताना सांगितलं, "गडी हुशार आहे. इथलं काम आटोपलं की कंपनी त्याला भोपाळच्या नव्या कारखान्यावर पाठवतेय, दोन वर्षांसाठी. तेव्हा काय विचारायचं ते आत्ताच विचारून घे, सत्यवती."

मला काय त्याचं, असं मी स्वतःला सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा सांगावं लागलं.

त्याने आधी जागा शोधली. शेठना यंत्र भट्टीच्या दारावरच हवं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. तो म्हणाला, नाही. तिथे धग लागेल, दार आपटलं की हादरे बसतील. छप्पर गळतं तिथेही नको. शेवटी समोरच्या कोरड्या भिंतीवर, नजरेच्या उंचीला त्याने खुणा केल्या. नजर कुणाची, असं मी विचारलं.

"तुमची. काटा तुम्हालाच बघायचाय ना?" असं म्हणून त्याने माझ्या कपाळापासून भिंतीपर्यंत हवेतच पट्टी धरली. मी श्वास रोखून उभी. आमच्या खात्यातली ठमाबाई ताटल्या पुसता पुसता खुसखुसली.

मग तारा. भट्टीत खोचलेल्या सळईकडून उष्णतेची खबर आणणारी तार त्याने एका पाइपातून नेली आणि विजेची जाड तार दुसऱ्याच पाइपातून, हातभर लांबून.

"एकाच पाइपातून न्यायला काय होतं?" मी विचारलं.

"ही तार फार हळू बोलते," तो म्हणाला, "आणि ती ओरडते. शेजारीशेजारी बसवल्या तर हळू बोलणारीचं कुणाला ऐकू येणार?"

"म्हणजे मी आणि ठमाबाई."

"यात ओरडणारी कोण?" त्याने इतक्या गंभीरपणे विचारलं की मी ताटली आपटून निघून गेले. वळणावर गेल्यावर मात्र हसू आवरेना. मला राग आला होता की गंमत वाटली होती? देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मेन बोर्डातला चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपसून काढला. कारखान्यातली सगळी यंत्रं गप्प झाली. दिव्याच्या तारा टेकवून त्याने वीज खरंच गेली का ते तपासलं, आणि मग तो फ्यूज माझ्यापुढे धरला.

"हा तुमच्याकडे ठेवा. मी स्वतः मागेन तेव्हाच द्यायचा. दुसऱ्या कुणाला नाही. शेठनी मागितला तरी नाही."

"माझ्याकडेच का?"

"आमच्या उस्तादांची शिकवण आहे. फ्यूज ज्याच्या हातात दिला, त्याच्या हातात आपला जीव दिला."

"मग ठमाबाईंकडे द्या की."

"त्या सारख्या हसतात."

"आणि तुम्ही मागितलात तरी मी नाही दिला तर?"

"तर मी इथेच राहीन," तो म्हणाला. आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... काम अडून राहील, असं म्हणायचं होतं."

मी फ्यूज कनवटीला खोचला. गार, जड, गुळगुळीत. दुसऱ्याचा जीव असा पोटाशी खोचून माणसाने ताटल्या कशा मोजायच्या? मी तीच रांग पुन्हा पुन्हा मोजत होते.

दुपारी पाऊस उसळला. खिडकीतून सहज बघितलं तर तळ्याच्या रस्त्याने ती थिगळाची छत्री चाललेली. जेवायला गेला, आणि सांगूनही गेला नाही! मला उगाचच टोचलं. एवढ्यात शेठ तरातरा आत आले.

"सत्यवती, फ्यूज आण. उरणची गाडी संध्याकाळी निघायचीय आणि गोळ्यांचं मशीन थंड पडलंय. तो येईपर्यंत चालवून घेऊ."

"शेठ, ते स्वतः मागतील तेव्हाच—"

"तो गेला जेवायला. छत्री जाताना डोळ्यांनी बघितली मी."

बघितली तर मीही होती. शेठचं खोटं नव्हतं. मी फ्यूजवर हात ठेवून तशीच उभी राहिले.

"कारखाना कुणाचा?" शेठनी विचारलं.

"तुमचा."

"पगार कोण देतं?"

"तुम्ही."

"मग?"

फाटकाशी भेटून धड दोन दिवस न झालेल्या माणसाच्या एका वाक्यावर मी पगारावर पाणी सोडत होते काय? तरी तोंडातून निघालं ते "नाही देणार" एवढंच.

"तर उद्यापासून येऊ नकोस!" शेठ गरजले.

आणि भट्टीच्या मागून आवाज आला, "शेठ, जरा बॅटरी धरता का? माझे दोन्ही हात आत अडकलेत."

शेठचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. भट्टीमागच्या फटीत पालथा पडून, कोपरापर्यंत हात विजेच्या पेटीत घालून तो तारा कसत होता. तेवढ्यात दारातून ठमाबाई आली, एका हातात सुकटीची पुडी, दुसऱ्या हातात थिगळाची छत्री. "मिस्त्रीची छत्री बरी हाय हो," ती म्हणाली, "एक थेंब नाय आला आंगावर."

शेठ मटकन स्टुलावर बसले. माफीबिफी त्यांनी मागितली नाही. चहा मागवला, आणि माझा कप आपल्या हाताने माझ्यापुढे ठेवला. तेवढ्यावरून नोकरी राहिली हे मी समजले.

तो मात्र हात पुसत बाहेर आला आणि माझा बांध फुटला. मी नेरे गावची. घरी आमची बोली हाय-नायची; पण मॅट्रिक झाल्यापासून कारखान्यात मी पुस्तकातलं बोलायची. त्या क्षणी पुस्तक गेलं वाऱ्यावर.

"तुमी आत हाय तं आवाज नाय द्यायचा? मी फ्यूज दिला असता म्हंजे? मेला असता तुमी!"

"पन नाय दिला ना," तो म्हणाला. "मला म्हाईत हुतं, तुमी नाय देनार."

मी डोळे पुसायचे थांबले. "तुमी... कुठचे?"

"करंज्याचा. उरणच्या पल्याड."

म्हणजे हाही इतका वेळ माझ्यासमोर शहरी बोलीचा इस्त्रीचा सदरा घालूनच वावरत होता! दोघंही एकदमच हसलो. "बरंय, सत्यवतीबाई. उरलेल्या तारा जोडून घेतो," तो पुन्हा शुद्ध बोलीत म्हणाला. पकड त्याच्या हातातून एकदा पडली. उचलताना दुसऱ्यांदा पडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेठनी नारळ फोडला. ठमाबाईने यंत्राच्या काचेला कुंकू लावलं. मी फ्यूज दिला, त्याने बसवला, कॉइली तापू लागल्या. आम्ही सगळे माना वर करून काट्याकडे बघत राहिलो. काटा हलला... आणि खाली गेला.

भट्टीच्या दाराला लावलेली पाऱ्याची काचनळी चढती उष्णता दाखवत होती, दाराला हात लावला तर चटका बसत होता, आणि यंत्राचा काटा मात्र शून्याकडे घसरत होता. जितकी भट्टी तापे तितका तो खाली. त्याच्या लेखी भट्टी थंडगार, म्हणजे तो वीज तोडणारच नव्हता! कमळाकरने झटकन हाताने मेन स्विच पाडला.

"अरे, भट्टी तापतेय की गार होतेय?" शेठ ओरडले.

"तापतेय," तो म्हणाला. "पण... काटा..."

त्याने झाकण उघडलं. सळई तपासली, स्क्रू तपासले, पत्रक उलटंसुलटं वाचलं. दुपार झाली तरी काही सापडेना. आणि माझी तऱ्हा काय सांगू? बिघाड सापडला तर संध्याकाळच्या एस.टी.ने तो जाणार, दोन वर्षं भोपाळला. नाही सापडला तर त्याच्या नावाला बट्टा. मी मनातल्या मनात कुणाची बाजू घेत होते? एकदा वाटे, सापडू दे. लगेच वाटे, इतक्यात नको. मी चहा नेऊन ठेवला तो असा आदळला की बशीत सांडला.

"एवढे मुंबईचे मिस्त्री," मी म्हटलं, "आणि साधा काटा सरळ करता येत नाही."

असं मला मुळीच म्हणायचं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. मग आणखी चिडून मी म्हटलं, "जा ना मग भोपाळला, तिथले काटे बघा!"

ठमाबाईने हातातली ताटली खाली ठेवली. "मिस्त्री," ती शांतपणे म्हणाली, "त्या काट्याला नावं ठेवू नका. आमची सत्यवती पन तशीच हाय. आतून जेवढी तापते, तेवढी तोंडानं थंड होते."

धरणी दुभंगती तर बरं झालं असतं. मी पदराचं टोक पिळत राहिले. तो माझ्याकडे बघत होता... आधी गोंधळून, मग कसलासा हिशेब जुळल्यासारखा, आणि मग त्याने कपाळावर हात मारला.

"लाल!" तो ओरडला. "लाल तार!"

"काय झालं?"

"तारा उलट्या जोडल्यात मी! आपल्याकडे लाल म्हणजे अधिक, हाताला तीच सवय. पण हे यंत्र अमेरिकेचं. याच्या सळईची लाल तार वजा असते. मला माहीत होतं हो! अशी कितीतरी बसवलीत मी."

"मग या वेळीच कसं चुकलं?"

"काल तुम्ही रडलात," तो म्हणाला, "आणि नंतर हसलात. हातात कुठली तार आहे ते माझं मलाच कळेना."

शेठ खाकरले आणि आपल्याला फोन करायचाय असं म्हणून निघून गेले. कारखान्यात फोन नव्हता.

त्याने पुन्हा फ्यूज काढला, माझ्या हातात दिला. दिवा टेकवून बघितला. दोनच तारांची अदलाबदल. झाकण लावलं, स्क्रू कसले. एवढंसं तर काम होतं! बाहेर सर ओसरली होती, पागोळ्या तेवढ्या गळत होत्या. एस.टी.ला अजून घटकाभर अवकाश होता. त्याची पिशवी दाराशी भरून तयार होती, तिच्यावर थिगळाची छत्री.

तो समोर येऊन उभा राहिला. हात पुढे केला. "द्या."

मी मूठ मिटली. "नाही."

"अहो, मी स्वतः मागतोय."

"कळतंय मला."

"सत्यवती—" पहिल्यांदाच त्याने 'बाई' लावलं नाही.

"तुमीच म्हनला हुता ना," माझा आवाज मलाच ऐकू येईना, "नाय दिला तर मी इथंच राहीन..."

मी वर बघेना. पागोळ्या, पागोळ्या आणि पागोळ्या. ठमाबाईला एकाएकी खोकला झाला, तो खोकत खोकत ती पार अंगणापर्यंत गेली.

"राहता नाय येनार," तो हळूच म्हणाला. "भोपाळला जावं तं लागंल. पन एकट्यानं जावं, असं कंपनीनं कुठं लिवलंय? दिवाळीच्या आधी आमचा बापूस नेऱ्याला आला, तर तुमचे आबा त्याला घरात घेतील ना?"

"आबा घेतील," मी म्हटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून मनातलं सरळ निघालं, "आनि नाय घेतलं, तर मी भांडंन."

"मंग काय चिंता नाय," तो हसला. "शेठच्या येळचा अनुभव हाय मला."

मी मूठ उघडली. त्याने फ्यूज उचलला; एवढा वेळ माझ्या हातात राहून तो गरम झाला होता. तो बोर्डात बसल्याचा 'खट्' आवाज आला, कॉइली लाल होऊ लागल्या, आणि शेठ फोन न करता परत येऊन यंत्रासमोर उभे राहिले. "चढतोय!" ते ओरडले. "काटा वर चढतोय!"

मी काट्याकडे बघितलंच नाही. मी माझा तळहात बघत होते. फ्यूजच्या कडांचे दोन लालभडक वळ उठले होते तिथे. इतकी घट्ट मूठ मी आवळली होती, हे मला तेव्हा कळलं.