राखून ठेवलेला खोका

"आई, बघ... बघ ना! मिटली!"

खारूने उजवा हात आईच्या नाकासमोर धरला होता. पाचही बोटं थरथरत, एकेक करून तळव्यात शिरली आणि खरोखरच मूठ झाली! सायकलवरून पडून मनगट मोडल्यापासून जी बोटं ताठ ती ताठच राहिली होती, ती आज मिटली होती. आईचे डोळे भरून आले. तिने त्या इवल्याशा मुठीचा मुका घेतला आणि दुसऱ्याच क्षणी नजर चुकवली... कारण लेकीचा पुढचा प्रश्न तिला ठाऊक होता.

"मग? कुठाय माझा गेम कन्सोल?"

दहा वर्षांच्या त्या पोरीने आपला शब्द पाळला होता. इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंसमोर, वेदनेने किंचाळत तिने हात मागे ओढला होता, तेव्हा आईनेच म्हटलं होतं, "वर्षअखेरच्या सुट्टीपर्यंत मूठ मिटून दाखव, तो नवा कन्सोल तुझा!" त्या दिवसापासून खारू रोज सकाळ-संध्याकाळ दात-ओठ खात रबरी चेंडू दाबत होती आणि कॅलेंडरवर फुल्या मारत होती. आता फुल्या संपल्या होत्या, सुट्टी आठवड्यावर आली होती आणि कन्सोलचा कुठे पत्ता नव्हता!

या आईला सारी गल्ली वहिनी म्हणे. कपडे धुण्याच्या मोठ्या दुकानात, मागच्या खिडकीशी बसून ती रफूचं काम करी. कोटाला कसर लागो, शालीला खिळा लागो, वहिनीच्या हातून गेलं की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये! अशा चिकाटीच्या बाईला एका खोक्याने महिनाभर रडकुंडीला आणलं होतं.

पहिल्या दुकानदाराने "आला की फोन करतो" म्हणून नंबर लिहून घेतला. तो कसला फोन करतोय! दुसऱ्याच्या काचेत खोका दिमाखात मांडलेला, म्हणून ती धापा टाकत आत शिरली, तर आत नुसता पुठ्ठा. "तो शोभेचा आहे, बाई." शोभेचा! तिसऱ्याकडे टोकन होतं. सकाळी सहापासून थंडीत उभं राहून तिचा नंबर आला एकेचाळिसावा आणि खोके निघाले चाळीस. एकदा मोबाइलवर 'उपलब्ध' अशी हिरवी अक्षरं दिसली. सुईने खरबरीत झालेल्या बोटाने ती पत्ता टाइप करू लागली, आणि पिनकोडाचा शेवटचा आकडा पडेपर्यंत हिरव्याचं तांबडं झालं! त्या दिवशी तिने फोन गादीवर आपटला... जमिनीवर नाही, कारण वस्तू फुटल्याने काय काय फुटतं ते या घराने एकदा पाहिलं होतं.

अकरा दुकानं पालथी घालून झाली. उरलं एकच, चौकातलं मोठं. त्या दुकानाच्या फुटपाथवरूनही वहिनी कधी चालत नसे, कारण तिथला मॅनेजर होता तिचा धाकटा दीर.

ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा अकरा वर्षांचा होता. पुढे सासूबाई गेल्या आणि पोर तिच्याच पदराखाली वाढलं. सासूबाईंनी जाण्याआधी त्याला हातात धरून खेळायचा एक छोटा गेम घेऊन दिला होता. त्यांची ती शेवटची भेट! धाकटा तो उशाशी घेऊन झोपे. सतराव्या वर्षी तो परीक्षेत नापास झाला आणि थोरल्या भावाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, संतापाच्या भरात तो गेम फरशीवर आपटला. धाकटा घरी नव्हता. तुकडे बघून थोरला स्वतःच पांढराफटक पडला. वहिनीचं अंतःकरण कळवळलं. आई-बाप नसलेल्या या दोघा भावांना एकमेकांवाचून कोण आहे? धाकटा दारात आला तेव्हा तीच पुढे झाली. "कपाट आवरताना माझ्या हातून पडला रे, बाळा..."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं की जन्मभर विसरू नये! "आई असती तर तिच्या हातून पडला नसता!" एवढंच म्हणून आठवड्याभरात तो मामाकडे निघून गेला. थोरला गप्प राहिला. नऊ वर्षं गप्पच राहिला! ज्या भावांना जोडून ठेवायला तिने दोष अंगावर घेतला, ते दोघेही तुटले ते तुटलेच... आणि वाईट कोण? वहिनी!

सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, वहिनी त्या दुकानाची पायरी चढली. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान काढायचंही तिला भान नव्हतं.

काउंटरमागे रुंद खांद्यांचा एक पुरुष वाकून लिहीत होता. त्याने मान वर केली आणि पेन जिथल्या तिथे थांबलं.

"कन्सोल हवाय," वहिनी भिंतीकडे बघत म्हणाली. "नसेल तर नाही म्हण. नाही ऐकायची सवय झालीय मला. बारावं दुकान आहे हे!"

 धाकट्याने समोरचं जाडजूड रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. राखीव मालाची यादी होती ती. पहिल्याच ओळीत, सगळ्या गिऱ्हाइकांच्या वर लिहिलं होतं : 'वहिनी. एक नग.' समोरचा सहीचा रकाना कोरा.

"हे... हे कधी लिहिलंस?"

"माल आला त्या दिवशी. महिना झाला. मामा खारूचे फोटो पाठवतो मला. दरवर्षी सुट्टीत जे बाजारात मिळेनासं होतं, त्यातलं एक तुझ्या नावाने बाजूला काढतो. तू येत नाहीस. मग शेवटच्या दिवशी विकतो."

वहिनीला रडू यायला हवं होतं... पण बाहेर पडला तो संताप!

"अरे मेल्या! महिनाभर मी थंडीत कुडकुडत उभी राहिले, लोकांची बोलणी खाल्ली, आणि खोका इथे माझ्या नावाने पडून? एक फोन करायला तुझी बोटं मोडली होती का?"

"तू केलास कधी?" त्याचा आवाज फाटला. "वहिनी, मला त्याच दिवशी कळलं होतं गं! तुझ्या हातून साधी बशी कधी फुटली नाही. आणि फरशीचा टवका उडाला होता. पडलेल्या वस्तूने टवका उडत नाही, आपटलेल्याने उडतो. मला राग तुटल्याचा नव्हता. आई गेल्यावर जगात एकच माणूस माझ्याशी खोटं बोलत नव्हतं, आणि तूही बोललीस... त्याच्यासाठी! मग माझं त्या घरात कोण उरलं?"

 नऊ वर्षं वहिनी स्वतःला फसवलेली, अन्याय सोसलेली समजत होती. आपल्या त्या मायेच्या रफूने या पोराला एकटं पाडलं, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं!

"चुकलं माझं, बाळा," ती ओंजळीत तोंड लपवून म्हणाली. "खरंच चुकलं."

त्याने काउंटरवरून तिचा हात धरला, अंगुस्तानासकट. मग डोळे पुसून म्हणाला, "पण खोका तुला देणार नाही. दादाला पाठव. सही त्याची हवी. त्याच्या वाटच्या सह्या तू पुष्कळ केल्यास."

वहिनी रिकाम्या हातांनी घरी आली. नवरा नोंदणी कचेरीत कारकून, दिवसभर लोकांच्या सह्या घेणारा. अर्ध्या दिवसाची रजा टाकून खारूचा अभ्यास घेत बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच वहिनीने त्याला काही झाकून सांगितलं नाही.

"अहो, धाकट्याला सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. खोका हवा असेल तर तुम्हाला जावं लागेल. मी आता तुमच्यासाठी एक शब्दही बोलणार नाही."

त्याने खारूच्या हाताकडे पाहिलं. तिची मूठ नकळत मिटत होती, उघडत होती. मग तो उठला, चपला घालून बाहेर पडला.

तास झाला, दीड तास झाला. खारू चार वेळा दारात जाऊन आली. वहिनीने धुतलेली भांडी पुन्हा धुतली. आणि दिवेलागणीच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली... दोघांची! पुढे नवरा, काखेत खोका; मागे धाकटा. खोका लेकीच्या हातात देऊन, कुणाच्या नजरेला नजर न देता, तो तडक स्वयंपाकघरात शिरला. आतून पातेल्याचा आणि गॅस पेटवण्याचा खडखडाट ऐकू आला. लग्नाला पंधरा वर्षं झाली, त्याने कधी चहा केला नव्हता.

"काका, दुसरा कंट्रोलर तुम्ही धरायचा हं!" खारूने जणू रोजची ओळख असावी तसं फर्मावलं.

"धरतो. आधी वहिनीला हे दाखवू दे." धाकट्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. रजिस्टरचं पान फाडून आणलं होतं. पहिल्या ओळीत 'वहिनी. एक नग.' आणि समोर, सहीच्या रकान्यात मावेना म्हणून समासात उतरलेलं, कारकुनी वळणाचं थोरल्याचं अक्षर :

'तेव्हाचा मी फोडला होता. हिने नाही.'

वहिनीने ते दोनदा वाचलं. अक्षरं पाण्यात विरघळू लागली. तिने कागद घडी करून पदराला गाठ मारून ठेवला, नाक पुसलं आणि आत वळून हाक दिली :

"अहो, साखर वरच्या डब्यात आहे."