पिवळ्या उजेडाची बॅटरी

"पिवळसर उजेडाचा एलईडी आहे का?" हातातली बॅटरी काउंटरवर ठेवत दामिनीनं विचारलं.

लातूरच्या गोलाई बाजारामागच्या गल्लीत खाजामियाँचं सुट्या भागांचं दुकान होतं. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं आणि मग शेजारी उभ्या असलेल्या तरुणाकडं. पिवळ्यांची शेवटची पुडी यांनी आत्ताच घेतली, असं ते म्हणाले. तरुण उंच होता, शर्टाच्या बाहीवर खडूची धूळ होती, आणि पुडी त्याच्या मुठीत होती.

"पिवळा कशाला?" त्यानं विचारलं. "पांढऱ्यात जास्त दिसतं की."

"मला जास्त दिसायला नकोय."

यावर तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं पुडी उघडली आणि दोन बारके दाणे तिच्या तळहातावर ठेवले... बोटं टेकली, न टेकली. मग, जणू तिच्याचकडून परवानगी हवी असल्यासारखा, हळूच म्हणाला, "नुसता हा घालून भागायचं नाही. उजेड मंद हवा असेल तर सोबत रेझिस्टन्स लागेल. आणि... कुणासाठी आहे, ते सांगाल का?"

अनोळखी माणसाला सांगायची गोष्ट नव्हती ती. पण दामिनीनं सांगितली.

भूकंप झाला तेव्हा ती तीन वर्षांची होती. औशाकडच्या त्यांच्या खेड्यात माळवदाचं घर पहाटे कोसळलं आणि तिची आई गौरम्मा, तिची अव्वा, तिला छातीशी धरून मातीखाली अडकली. दुसऱ्या रात्री वरच्या फटीतून शोधणाऱ्यांच्या बॅटऱ्यांचा पांढरा झोत आला. अव्वानं हाक मारली, पण घशात माती होती. झोत तिच्या तोंडावरून सरकला आणि पुढं निघून गेला. सकाळी दोघींना जिवंत बाहेर काढलं. अव्वाच्या उजव्या हाताची बोटं मात्र कायमची आखडली. तेव्हापासून काळोखात तिला धाप लागायची, आणि पांढरा झोत दिसला की त्याहून जास्त. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात ती शांत असायची. पण कंदील लावायचा तर काडी ओढावी लागते. ते त्या बोटांना जमत नव्हतं. जुन्या बॅटरीचे बल्ब आता मिळत नव्हते. पुढं कुटुंब लातुरात राहायला आलं होतं; तिचे वडील, आप्पा, कापडाचे गठ्ठे घेऊन आठवडी बाजार करायचे आणि उशिरा परतायचे. त्यामुळे भारनियमनात संध्याकाळी वीज गेली की दामिनी घरात असायचीच. आजवर एकही संध्याकाळ चुकली नव्हती.

आता तिला नांदेडला नोकरी लागली होती, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत. पंधरवड्यानं रुजू व्हायचं होतं. अव्वा म्हणाली होती, "जा की माय, मला काय हुतंय?" आणि म्हणताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली होती.

तरुणाचं नाव उमाशंकर. तो उदगीरचा होता आणि एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. घराघरांच्या वरच्या खोल्यांत बाहेरगावची पोरं राहून अभ्यास करायची. एलईडी त्यानं पोरांना दाखवायला घेतले होते. पोरांना पुढच्या आठवड्यात दाखवेन, असं म्हणत त्यानं सगळी पुडीच तिला देऊ केली, आणि रविवारी हत्यारं घेऊन घरी येतो म्हणाला.

रविवारी दुपारी तो घरी आला. दारातच अव्वाला वाकून "शरणार्थ" म्हणाला आणि आप्पांना आपला गाव, आपलं काम सांगून मगच ओसरीवर टेकला. जवळ पकड, कानस, पेचकस आणि सोल्डरिंग गन होती. पण काम दामिनीनंच करायचं ठरवलं होतं. उद्या काही बिघडलं तर तिलाच दुरुस्त करता यायला हवं होतं.

तिनं बॅटरीचं तोंड पिरगाळून उघडलं आणि पांढरा दाणा सोल्डर वितळवून काढला. रेझिस्टन्स जोडून पिवळा बसवला. सेल घातले, बटण सरकवलं... काहीच नाही.

"पाय उलटे लागलेत," उमाशंकर म्हणाला. "लांब पाय अधिकच्या बाजूला. एलईडी एकाच बाजूनं चालतो. उलटा लावला की गप्प बसतो."

"तुमच्यासारखा?" दामिनी बोलून गेली. काम सुरू झाल्यापासून तोवर तो दोन शब्दांच्या वर बोलला नव्हता.

त्यानं मान खाली घातली. "मी गप्प नाही. घाबरलोय," तो म्हणाला. "तुमचा हात भाजेल म्हणून."

पुढच्याच क्षणाला भाजलं ते त्याचं बोट. ती पाण्याचा तांब्या आणायला धावली आणि आत जाऊन उगाचच थोडा वेळ उभी राहिली. छाती एवढी का धडधडत होती? बॅटरीसाठी की...

बटणाचं काम सगळ्यांत अवघड होतं. सरकवायचं बारकं बटण अव्वाच्या बोटांना हलत नव्हतं. उमाशंकरनं टेबल लॅम्पचं मोठं दाबायचं बटण आणलं होतं. पेचकस गॅसवर तापवून दामिनीनं प्लास्टिकला भोक पाडलं, कानशीनं कडा घासल्या. भोक जरा मोठं झालं. बटण डुगडुगायला लागलं. एवढीशी वस्तू हातातून निसटली तर तिचं नांदेड निसटणार होतं. उमाशंकरनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तिच्यापुढं धरला. तो आतून बसवल्यावर बटण घट्ट झालं. अव्वानं तळव्यानं दाबून पाहिलं. लागली. पण तेव्हा ऊन होतं... उन्हात कोण घाबरतं?

निघायच्या दोन दिवस आधी अव्वाच म्हणाली, आज वीज गेल्यावर मला एकटीला सोडा. उमाशंकर त्या संध्याकाळी जादाचे सेल द्यायला आला होता. वीज गेली. अव्वानं दोघांना अंगणात काढलं आणि आतून दार लावून घेतलं.

गल्ली काळोखली. दामिनी दाराकडं बघत उभी होती. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. ती ऐकत राहिली. मग दाराच्या फटीतून पिवळी रेघ अंगणात आली.

"लागली," ती पुटपुटली.

रेघ विझली.

ती दाराकडं झेपावणार तोच तिच्या लक्षात आलं, आपण उमाशंकरची बाही घट्ट धरली आहे.

"थांबा जरा," तो म्हणाला. "अव्वांनी हाक मारलेली नाही." मग म्हणाला, "एक सांगू? ही बॅटरी लागू नये, असं वाटायचं मला. रोज वाटायचं."

"काय?"

"लागली की तुम्ही जाणार."

दामिनीला राग यायला हवा होता. "मग ट्यूबचा तुकडा कशाला दिलात?" तिनं विचारलं.

"तुम्हाला जायचंय म्हणून," तो म्हणाला. "तुम्हाला अडवून... मला तुमच्याकडं बघता आलं नसतं."

तिनं बाही सोडली नाही. आतून अजून आवाज नव्हता. मग एकदम रेघ पुन्हा उमटली. विझली. पुन्हा उमटली. कडी वाजली, आणि बॅटरी धरून अव्वा उंबऱ्यात उभी राहिली. कपाळाला घाम होता, पण श्वास ठीक होता.

"अव्वा, विझली होती ना? काय झालं?"

"मीच इझवली," अव्वा म्हणाली. "काळोखात बसून बघितलं थोडं. लई भ्या वाटलं. पण म्हटलं, लावायची तर आपल्याच हातात हाय." तिनं तळव्यानं कपाळाचा घाम पुसला. "तू जा नांदेडला."

दामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात उचलावा, तर तो अजून बाहीवरच होता. अव्वानंही तो पाहिला. पिवळ्या उजेडात काहीच लपत नव्हतं. दामिनीनं हात काढून घेतला... मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा तिथंच ठेवला.

अव्वानं बॅटरी जरा वर धरून दोघांकडं पाहिलं.

"आईवडील उदगीरलाच असतात ना तुमचे?" तिनं उमाशंकरला विचारलं.

त्यानं नुसती मान हलवली.

"दामिनी दर शनिवारी घरी येणार हाय. एखाद्या शनिवारी घेऊन या त्यांना. आप्पांशी मी बोलते."

वर्गात पन्नास पोरांपुढं तासन्‌तास बोलणारा तो माणूस, तोंड उघडून नुसताच उभा राहिला.

"हो म्हणा की," दामिनी हळूच म्हणाली.

"हाव," तो म्हणाला.